तुरीच्या सुगीतली एक बातमी

मंठाळच्या शिवारात तुरी वाळल्या की गावाचा आवाज बदलतो. शेंगा झाडावरच टणक होतात, वाऱ्यानं खुळखुळतात आणि आठ-दहा दिवसांत खळ्याखळ्यावर झोडणी सुरू होते. सकाळी शाळेत पोरं पाढे म्हणत असतात, खिडकीतून काठ्यांचा धपधप ठेका येत असतो आणि सत्ताविसाच्या पाढ्यापर्यंत पोरं नकळत त्याच ठेक्यावर गेलेली असतात. मी त्यांना थांबवत नाही. मलाही तो ठेका आवडतो. थंडीत तो ऐकला की अंगात ऊब आल्यासारखी वाटते, आणि तुरीच्या भुसाचा घशाला खवखवणारा वास आला की आमच्या गावची निलक्का आठवते.

यंदा या आवाजात एक नवी भर पडली आहे. आमच्या गावचे कापडवाले वीरभद्रप्पा यांनी दुकानात रेडिओ आणला. लाकडी पेटी, पुढं जाळीचं कापड, दोन गोल खुंट्या. माळवदावरून निंबाच्या झाडापर्यंत तांब्याची तार ताणली आहे. बॅटरी उतरली की ती बैलगाडीत, गवतावर, एखाद्या बाळंतिणीला न्यावं तशी जपून मोटारीपर्यंत आणि तिथून हुमनाबादला न्यावी लागते. दिवेलागणीला सगळं गाव दुकानापुढं जमतं. पेटी खरखरते, शिट्ट्या मारते, आणि मग कुणी तरी न दिसणारा गृहस्थ अदबशीर उर्दूत जगाची हालहवाल सांगून जातो. अर्ध्या लोकांना त्यातलं काही कळत नाही, तरी ते उठत नाहीत.

लोक मला विचारतात, मास्तर, तुम्हाला वाईट वाटतं का? विचारण्याला कारण आहे. गेली बारा वर्षं त्याच दुकानाच्या ओट्यावर बसून मी गावाला पेपर वाचून दाखवत आलो. हैदराबादचा उर्दू पेपर मोटारीनं आमच्या इकडच्या कल्याणला यायचा, तिथून टपालवाल्याच्या पिशवीतून मंठाळला. दोन दिवसांची शिळी बातमी, पण आमच्यासाठी ताजीच. मी डोळ्यांनी उर्दू वाचायचो आणि तोंडानं मराठी बोलायचो. ओट्याच्या उजव्या अंगाला बसणाऱ्यांसाठी तेच पुन्हा कानडीत. गावातली पहिली सायकल माझी, दाबली की उजेड पाडणारी पहिली टॉर्चही माझीच. नव्या यंत्राशी माझं वाकडं असण्याचं काही कारण नाही. रेडिओ आला याचा मला आनंदच झाला. फक्त एक गोष्ट मी लोकांना सांगतो, की पेटीला मधेच अडवून 'हे तुला कुणी सांगितलं?' असं विचारता येत नाही. मला विचारता येतं. आणि त्याचं उत्तर द्यायला मला लढाईच्या दिवसांतल्या एका सुगीनं शिकवलं.

बसलिंग हा निलक्काचा एकुलता एक मुलगा. नवरा लवकर गेला, तेव्हापासून निलक्कानं सहा एकर तूर-जोंधळा एकटीनं पिकवला आणि मुलगा वाढवला. पण बसलिंगाचा जीव मातीत नव्हता, मोटारीत होता. लढाईत पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा आमच्याकडच्या मोटारी कोळशाच्या धुरावर चालायला लागल्या. मोटारीच्या मागं माणूसभर उंचीचं लोखंडी पिंप, त्यात कोळसे पेटलेले, आणि निघायच्या आधी पाव तास कुणी तरी पंख्याचा दांडा फिरवत उभं. लोक त्या मोटारीला शिव्या घालायचे. चढ आला की उतरून ढकलावी लागायची, आणि उतरताना प्रत्येकाच्या नाकाखाली काजळीच्या मिशा उगवलेल्या असायच्या. बसलिंगाला मात्र ती फार आवडायची. तो कल्याणच्या मोटारीवर दांडा फिरवायला लागला, मग चालवायला शिकला, आणि एक दिवस फौजेत लॉरी चालवायला माणसं पाहिजेत असं ऐकून भरती झाला. भरतीची ती बातमी त्यानं माझ्याच तोंडून ऐकली होती. मी पेपरात वाचून दाखवली होती.

सुरुवातीला त्याची पत्रं नेमानं आली. मग समुद्रापार जायचं आहे असं एक पत्र आलं, आणि त्यानंतर काहीच नाही. मी निलक्कासाठी दोनदा लिहिलं, जबाब आला नाही. वर्ष उलटलं. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अवसेला, सगळं गाव शेतात जेवायला जातं. त्या वर्षी निलक्काही गेली, आंबील आणि भज्जी केली, कडब्याच्या खोपीत मांडलेल्या पाच पांडवांची पूजा केली, सगळ्यांना वाढलं. एक पान वाढून तिनं बाजूला ठेवलं आणि त्याच्याकडं कुणी बघितलं नाही, असं सगळ्यांनी दाखवलं.

येळवशीनंतर मी शाळेच्या कामासाठी गुलबर्ग्याला गेलो. गुलबर्ग्याला जायचं आणि बोलपट न बघता परतायचं, हे माझ्याच्यानं कधी झालं नाही. त्या दिवसांत बोलपटाच्या आधी लढाईची फिल्म दाखवायचे. कुठल्या तरी वाळवंटात लॉऱ्यांची रांग, तोफा, साहेब लोकांची पाहणी, आणि मग थांबलेल्या लॉरीच्या सावलीत चहा पिणारे आपले शिपाई. त्यातला एक जण मगातून तोंड वर काढून आपल्याकडं बघतो आणि हसतो. मी खुर्चीतून अर्धा उठलो. बसलिंग. पण तोवर पडद्यावर विमानं उडायला लागली होती.

मी गावी आलो आणि ओट्यावर सांगितलं. इथं मला खरं ते लिहिलं पाहिजे. पहिल्यांदा मी म्हणालो, बसलिंगासारखा दिसला. लोकांनी गलका केला, पुन्हा सांगा म्हणाले; दुसऱ्यांदा मी म्हणालो, बसलिंग दिसला. संध्याकाळी तिसऱ्यांदा सांगताना त्यानं हातही हलवला. माझ्या मनात खोटं बोलायचं नव्हतं. समोर चाळीस माणसं श्वास रोखून बसली की गोष्ट तुमच्या तोंडातून जरा मोठी होऊन बाहेर पडते, आणि ती मोठी झाल्याचं तुम्हालाच कळत नाही. दुसऱ्या दिवशी निलक्कानं घरोघर साखर वाटली. माझ्या घरीही आली. बायकोनं पुढं केलेल्या वाटीत साखर घालून ती मला म्हणाली, "मास्तर, मला गुलबर्ग्याला न्या. मला बघायचंय."

तिनं तोवर मोटारीत पाय ठेवला नव्हता. मी म्हणालो, अक्का, ती दोन पळांची गोष्ट आहे, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर संपते. तिनं खळ्याची व्यवस्था भावजयीवर सोपवली, भाकरी आणि शेंगाची चटणी बांधली आणि गुरुवारी सकाळी आमच्या दारात येऊन उभी राहिली.

बैलगाडीतून कल्याण, कल्याणहून कोळशाच्या मोटारीनं हुमनाबाद, तिथून गुलबर्गा. मोटार सुटायच्या आधी निलक्का मागं गेली, ते तापलेलं पिंप आणि तो दांडा तिनं नीट बघितला. दांडा फिरवणाऱ्या माणसाला तिनं कानडीत काहीतरी विचारलं. मी पुढं बसलो होतो, मला ऐकू आलं नाही. ती येऊन बसली तेव्हा तिच्या तळहाताला काजळी लागलेली होती आणि ती तिनं गुलबर्ग्यापर्यंत पुसली नाही. कमलापूरच्या चढाला सगळे उतरले, तीही उतरली आणि लुगड्याचा पदर खोचून ढकलायला लागली. बायकांनी ढकलायचं नसतं असं कुणी तरी म्हणालं. तिनं ऐकलं नाही.

गुलबर्ग्यात आम्ही मठात उतरलो. शनिवारी दुपारी थेटरात गेलो. शुक्रवारी खेळ बदलला होता. बोलपट नवा, लढाईची फिल्मही नवी. दारावरच्या माणसानं सांगितलं की जुन्या फिल्मची पेटी रेल्वेनं शहाबादला गेली. तिथं फरशीच्या खाणींतल्या लोकांसाठी पत्र्याचं थेटर आहे, रविवारी दुपारी खेळ असतो.

थेटराच्या पायरीवर मी निलक्काला सगळं सांगितलं. पेटी पुढं गेली हे सांगितलं, आणि त्याच दमात दुसरंही सांगून टाकलं, की मी नीट बघितलं नव्हतं. हात हलवल्याचं तर मी माझ्या पदरचं घातलं. मला वाटलं, ती रडेल किंवा मला बोलेल. शाप दिला असता तरी मी तो घेतला असता. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "मला वाटलंच हुतं. हात हलवायचं त्याच्यात न्हाई."

मी विचारलं, "मग कामून आलात, अक्का?"

"तुमी बघितलं ते तुमचं. मी बघीन ते माझं. शहाबाद किती लांब हाय?"

रविवारी सकाळी आम्ही आगगाडीत बसलो. खिडकीतून दोन्ही बाजूंना तुरीची रानं, मधेच उघड्या पडलेल्या फरशीच्या खाणी, करड्या पाट्यांचे रचलेले ढीग. निलक्का खिडकीला हात लावून बसली होती. एका खळ्यावर झोडणी चालली होती. काठ्या वर जाताना दिसायच्या, पण गाडीच्या आवाजात त्यांचा ठेका ऐकू येत नव्हता. ती म्हणाली, त्यांच्या तुरी आपल्यापेक्षा आधी आल्या.

शहाबादचं ते थेटर म्हणजे पत्र्याचं लांबट शेड. मशिन चालवणाऱ्याचं नाव हुसेनभाई. पन्नाशीचा, बारीक, बोटांची टोकं तेलानं काळी झालेली. खेळ सुरू व्हायच्या आधी मी त्याला गाठलं आणि कशासाठी आलो ते सांगितलं. त्यानं निलक्काकडं बघितलं आणि आम्हाला सगळ्यांत पुढं, पडद्यासमोर मधोमध बसवलं.

अंधार झाला. लॉऱ्यांची रांग आली. माझं लक्ष पडद्यावर कमी आणि निलक्काच्या तोंडावर जास्त होतं. तोफा आल्या, साहेब आले, चहा पिणारे शिपाई आले, तो माणूस हसला आणि गेला. तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. बोलपट संपेपर्यंत ती तशीच बसून राहिली. लोक उठून गेल्यावर म्हणाली, "एकदा आणखी दाखवायला सांगा."

हुसेनभाईनं रिकाम्या थेटरात तेवढी फिल्म पुन्हा लावली. ती बघून झाल्यावर निलक्कानं विचारलं, त्याला जरा थांबवता येत नाही का, त्या हसण्यापाशी. हुसेनभाई म्हणाला, फिल्म दिव्यापुढं थांबवली तर जळून जाईल. मग त्यालाच काही तरी सुचलं. त्यानं आम्हाला वर मशिनच्या खोलीत नेलं, चकतीवरची फिल्म हातानं उलगडत उलगडत तो तुकडा शोधला आणि पश्चिमेच्या खिडकीत उन्हापुढं धरला. जोडकाम करताना वापरायचं भिंग त्यानं निलक्काच्या हातात दिलं. "अम्मा, आराम से देखो. अब ये कहीं नईं जाता."

नखाएवढी चित्रं, एकाखाली एक. प्रत्येकात तोच माणूस, प्रत्येकात त्याचं हसणं किंचित पुढं गेलेलं. तिनं पहिल्यापासून शेवटच्या चित्रापर्यंत एकेक बघितलं. खोलीत तापलेल्या पत्र्याचा आणि मशिनच्या तेलाचा वास होता. मी उभा होतो आणि मनात म्हणत होतो, असू दे, माझं खरं होऊ दे. एवढी मोठी प्रार्थना मी देवळातही केलेली नाही.

निलक्कानं भिंग खाली ठेवलं. "न्हाई. माझ्या पोराचे कान डोक्याला चिकटून हायेत. ह्याचे बाहेर आलेत." मग तिनं पुन्हा ते भिंग उचललं आणि त्या अनोळखी पोराकडं आणखी एकदा बघितलं. म्हणाली, ह्याच्या आईला कुणी सांगितलं असेल का.

हुसेनभाईनं स्टूल पुढं केलं ते मलाच. त्यानं चहा मागवला आणि चहा पिता पिता सरळ विचारलं, फौजेच्या दफ्तराला लिहिलं का? मी म्हणालो, मुलाला लिहिलं होतं, दोनदा. तो म्हणाला, मुलाला नाही, दफ्तराला. त्याचा पुतण्या फौजेत होता. सहा महिने त्याचाही पत्ता नव्हता. प्रत्येक शिपायाचा नंबर असतो आणि नंबर सांभाळणारं एक दफ्तर असतं. तिथं लिहिलं आणि दीड महिन्यात जबाब आला. "तसवीर के पीछू मत भागो, मास्टर. नंबर के पीछू जाव."

बसलिंगाच्या जुन्या पत्राचं पाकीट निलक्काच्या कमरेच्या पिशवीत होतं. त्यावर नंबर होता. हुसेनभाईनं घरी जाऊन दफ्तराचा पत्ता आणला आणि त्या खोलीतच, फिल्मच्या डब्यावर कागद ठेवून मी अर्ज लिहिला. आयुष्यात पहिल्यांदा मी एक वाक्य लिहून ते चारदा तपासत होतो. नाव, बापाचं नाव, गाव, नंबर, शेवटचं पत्र कुठून आणि कधी आलं. जेवढं माहीत तेवढंच. शहाबादच्या स्टेशनावर निलक्कानं स्वतःच्या हातानं ते पाकीट टपालाच्या पेटीत टाकलं आणि आत पडल्याचा आवाज येतो का ते पेटीला कान लावून ऐकलं.

परतल्यावर मी ओट्यावर गेलो. माणसं जमलेली होतीच. मी म्हणालो, तो बसलिंग नव्हता, मी चुकलो, आणि हात हलवल्याचं मी मनचं सांगितलं. मग मागून एकानं विचारलं की मग मास्तर, बाकीचं जे वाचता तेही असंच का. प्रश्न रास्त होता. मी त्याला म्हणालो की आजपासून मी आधी सांगेन, हे कुणी लिहिलंय, कुठून लिहिलंय, त्यानं स्वतः बघितलंय की ऐकलंय. मग बातमी. वीरभद्रप्पांनी तेवढ्यात पेपर माझ्यापुढं सरकवला. मी वाचायला लागलो. तेव्हापासून आजपर्यंत मी तसंच वाचतो, आणि म्हणून रेडिओ आला तरी पेटी बंद झाल्यावर दहा-पंधरा माणसं माझ्याकडं वळतातच.

तुरी संपल्या, हरभरा निघाला, तेव्हा दफ्तराचा जबाब आला. माणूस हयात आहे, कामावर आहे, आणि त्याची पत्रं वेळोवेळी घरच्या पत्त्यावर रवाना झालेली आहेत. खाली तो पत्ता उर्दूत उतरवून दिला होता. मी तो वाचला आणि पुन्हा वाचला. पलटणीत शिपायांची पत्रं लिहून देणाऱ्या नव्या मुन्शीनं मंठाळ लिहिताना शेवटचा लाम, म्हणजे आपला ळ, सोडला होता. तालुका-जिल्हा काही नाही, नुसतं हैदराबाद संस्थान. तो लाम गेला की आमच्या गावाचं दुसरंच गाव होतं, आणि त्या नावाचं गाव तिकडं गोदावरीच्या बाजूला खरोखर आहे. मी तिथल्या टपालकचेरीला लिहिलं. पाडव्याच्या आसपास एक जाड पुडकं आलं. आत सात पत्रं होती.

बसलिंग लढाई संपल्यावर धडधाकट परत आला. आता कल्याण-हुमनाबाद मोटार तोच चालवतो आणि वीरभद्रप्पांची बॅटरी त्याच्याच मोटारीतून जाते. तो आला त्या दिवशी गावात वाजंत्री होती. पण मला तो दिवस तितका आठवत नाही, जितकी ती दुपार आठवते.

पुडकं घेऊन मी ओट्यावर न जाता निलक्काच्या घरी गेलो. ती अंगणात तूर पाखडत होती. सूप खाली ठेवून तिनं हात धुतले आणि भिंतीला टेकून बसली. मी म्हणालो, पहिल्यापासून वाचतो. ती म्हणाली, आधी शेवटचं वाचा, मग पहिल्यापासून.

मी शेवटचं पत्र उघडलं. मुन्शी मोठा हौशी होता. मजकूर असा की वालिदासाहिबांच्या, म्हणजे मातोश्रींच्या, खिदमतीत हा नाचीज फर्जंद अदबीनं सलाम पेश करतो आणि त्यांच्या दुआनं खैरियत आहे. मी ते तसंच्या तसं मराठीत आणत गेलो, कारण पदरचं काही घालायचं नाही असं मी ठरवलं होतं. निलक्कानं चार ओळी ऐकल्या आणि हात वर केला.

"असं बोलत न्हाई त्यो."

मी थांबलो. मुन्शीच्या त्या सगळ्या नक्षीखाली बसलिंगानं सांगितलेलं काय असेल, ते एकेक शब्द बाजूला करून शोधायला लागलो. काही वाढवायचं नव्हतं, फक्त मुन्शीला मधून उठवायचं होतं. मग मी पुन्हा सुरुवातीपासून, बसलिंग बोलायचा तसं, तुटक आणि सावकाश वाचायला लागलो.

"आई. मी बरा हाय. लॉरी चालवायलोय. हितं झाड न्हाई. वाळू हाय सगळी. येळवशीला आंबील केली व्हती का? भज्जीत मेथी घातली का? माझी याद आली तर रडू नगं. मोटार चांगली हाय. पेट्रोलवर चालती."

निलक्कानं डोळे मिटले आणि डोकं भिंतीला टेकवलं.

"व्हय," ती म्हणाली. "आता बोलायलाय."